आर्चीचा पगार आणि तात्यांचं रान

‘सैराट’ची आठवण काढली की बहुतेकांना मध्यंतराआधीचा भाग आठवतो. विहिरीत घेतलेली उडी, बुलेटवरची आर्ची, ट्रॅक्टर चालवत गावातून जाणारी आर्ची, केळीच्या बागा, अजय-अतुलची गाणी. मध्यंतरानंतर हैदराबाद सुरू होतं आणि थिएटरात कुणीतरी मोबाइल काढतं. “सेकंड हाफ जरा स्लो आहे,” हे वाक्य २०१६च्या एप्रिल-मेमध्ये मी इतक्या जणांकडून ऐकलं की ते चित्रपटाचाच भाग वाटायला लागलं होतं. पहिला भाग पुन्हा पुन्हा बघितला जातो, दुसरा एकदाच आणि तोही शेवटासाठी.

माझं म्हणणं उलटं आहे. नागराज मंजुळेंच्या सगळ्या कामात सगळ्यात धाडसी भाग कुठला विचाराल तर तो हाच ‘स्लो’ भाग. कारण तिथे पहिल्यांदा पगार येतो. पहिल्या भागात कुणाच्या हातात पगार पडताना दिसत नाही. जमीन दिसते, सत्ता दिसते, मासेमारी दिसते, शिक्षण दिसतं, पण मजुरी दिसत नाही. आणि ज्या गावात रान इतकं हिरवं आहे, तिथे मजुरी दिसत नसेल तर ती कुठे गेली, हे विचारायला हवं.

मंजुळे जेऊरचे. करमाळा शहरातून रेल्वे जात नाही. करमाळ्याला जायचं तर पुणे-सोलापूर मार्गावर जेऊरला उतरायचं. ‘सैराट’चं बरंचसं चित्रीकरण याच तालुक्यात झालं. चित्रपटातलं हिरवेपण खोटं नाही. १९८०च्या सुमाराला भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याच्या पाण्यावर हा कोरडवाहू भाग ऊस आणि केळीचा झाला. कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी आता परदेशात जातात. म्हणजे तात्या पाटलाचं वैभव ही पटकथेची सोय नाही, त्याला भूगोल आहे. धरणाचं पाणी ज्याच्या रानापर्यंत पोचलं, तो एका पिढीत बदलला.

पण पाणी एकट्यानं केळी उभी करत नाही. केळीचा घड खांद्यावरून बांधापर्यंत आणणारी माणसं असतात. उसाच्या फडात पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन उतरणाऱ्या बायका असतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी माणसं असतात. ‘सैराट’च्या प्रेमाला ही बाग लाभते, बाग कुणी सांभाळली ते बाजूला राहतं. ही माझी या चित्रपटाबद्दलची पहिली तक्रार. आणि ती मी ‘फँड्री’ बनवणाऱ्या दिग्दर्शकाबद्दल करतोय, म्हणून तिला वजन आहे असं मला वाटतं. कारण ‘फँड्री’त काम कसं मागितलं जातं, हे मराठी चित्रपटात क्वचितच कुणी दाखवलं तितक्या स्पष्टपणे आलंय.

‘फँड्री’त कचरूला काम दिलं जातं, असं म्हणणंही चूक आहे. त्याला हाक मारली जाते. गावात डुक्कर आडवं आलं की कैकाड्याला हाक. ही हाक कुणीही मारू शकतं, कधीही मारू शकतं, आणि नाही म्हणायची सोय नाही. मुलीचं लग्न तोंडावर आहे, हुंड्याला पैसे हवेत, म्हणून कचरू डुकरं पकडायचं काम पत्करतो. आणि त्या कामाला अख्खं कुटुंब जुंपलं जातं, शाळेतून जब्याही. एका माणसाशी बोलणं होतं, राबतात सगळे. हे लक्षात ठेवा, ऊसतोडीकडे जाताना पुन्हा लागेल.

चित्रपट आल्यावर जातीवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. शेवटचा दगड, भिंतीवरची आंबेडकर-फुले-सावित्रीबाईंची चित्रं, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुक्कर सोडून ताठ उभं राहिलेलं कुटुंब. पण समीक्षेत जात आली की मजुरी बाहेर जाते, हे काही मला पटत नाही. ‘अपमान’ हा शब्द शंभर वेळा येतो, ‘मोबदला’ हा शब्द येत नाही. जणू काही कचरूला आदरानं हाक मारली असती तर प्रश्न मिटला असता.

खरं तर मराठीत हे दोन्ही एकत्र लिहिण्याची परंपरा आहे. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव काय? ‘बलुतं’. हे एका मोबदल्याच्या पद्धतीचं नाव आहे. वर्षभर गावाची पडेल ती कामं करायची, आणि सुगीत खळ्यावर उभं राहून जे वाट्याला येईल ते घ्यायचं. दर नाही, तास नाहीत, हिशेब नाही. आपला हक्क मागायला जाणं आणि भीक मागायला जाणं यांतला फरक या पद्धतीनं पुसून टाकला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं, त्यामागे हीच गोष्ट होती: सरकारी काम करून घेता तर ठरलेला रोख मोबदला द्या. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडावं लागलं.

त्याच आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, एप्रिल १९४६ मध्ये, किमान वेतनाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. वतनाचं विधेयक आणि किमान वेतनाचं विधेयक यांत अठरा वर्षांचं अंतर आहे, पण मला ते एकाच वाक्याचे दोन अर्धे वाटतात. मोबदला मालकाच्या मर्जीवर राहिला की माणूसही मर्जीवर राहतो. किमान वेतन म्हणजे ‘गरिबाला थोडे जास्त पैसे’ एवढाच त्याचा अर्थ नाही. दराच्या खाली एक फरशी घालायची, म्हणजे त्या खाली कुणी कुणाला वाकवू शकणार नाही, असा तो विचार.

सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये हे आणखी रोखठोक सांगितलं. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुरांचं किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. पैसे जमादारांच्या हातात जायचे आणि जमादार माणशी एक रुपया कापून घ्यायचे. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खाली बंदी असलेली वेठच. साखळदंड, चाबूक काही लागत नाही. भूक हीसुद्धा सक्तीच आहे. ‘वेठबिगार’ हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात ठेवून दिला होता. न्यायालयानं तो एक रुपया कापण्यापाशी आणून ठेवला.

आता त्या जमादाराच्या जागी मुकादम ठेवा, म्हणजे आपण सोलापूर जिल्ह्यात परत येतो.

दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. टोळीचं माप माणूस नसतं, ‘कोयता’ असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७४ रुपयांचे साधारण ३६६ झाले. बातमी वाचताना वाढ मोठी वाटते. आता मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. चांगला दिवस धरू, दोन टन: ७३२ रुपये. दोन माणसं, म्हणजे डोक्याला ३६६. जुन्या दरानं डोक्याला २७४ पडत होते. आणि दिवस आठ तासांचा नाही. तोडणी, मोळ्या बांधणं, भरणं, गाडी रात्री आली तर रात्री भरणं. दीड टनाचा दिवस असेल तर नव्या दरानंही डोक्याला पावणेतीनशेच. तुलनेसाठी एवढंच सांगतो: केंद्र सरकारनंच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे या वाढीच्या पाच वर्षं आधी, देशभरासाठी किमान ३७५ रुपये रोज सुचवला होता. तोही आठ तासांचा. (ती शिफारस तशीच पडून राहिली. सरकारनं २०१७ मध्ये जाहीर केलेली राष्ट्रीय पातळी होती १७६ रुपये.)

हा तोडणीचा दर किमान वेतनाच्या अधिसूचनेतून येत नाही. तो साखर संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीतून ठरतो, कधी संपानंतर, कधी मोठ्या नेत्यांच्या लवादातून. टनाचा दर ठेवण्यात एक सोय आहे. तास किती झाले हे कुणी विचारायचं नाही. बाई किती राबली हेही विचारायचं नाही, कारण हिशेबात बाईच नाही, कोयता आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला; पण जिला स्वतःचं वेतनच नाही, तिचं ते कुणाच्या वेतनाशी समान करणार? कचरूच्या घरात हेच आहे. गावाशी बोलायला बाप, राबायला सगळे.

कमी मजुरीचे आर्थिक परिणाम म्हटलं की आपल्याला आलेख आठवतात. बीडमधला परिणाम आलेखात मावत नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांत, आजारपणात खाडा होतोच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यामागे डॉक्टर आहेत, अज्ञान आहे, भीती आहे, सगळं आहे. पण ज्या हिशेबात एक दिवस बसणं परवडत नाही, तो हिशेबही आहे. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. उचल फिटली नाही की पुढचा हंगाम आधीच विकलेला.

इथे एक प्रश्न येईलच, आणि तो टाळण्यासारखा नाही. शेतकऱ्यालाच परवडत नाही तर तो काय देणार? कांदा मातीमोल गेला त्या वर्षी तीन एकरवाला माणूस स्वतःच्या घरच्यांना तरी काय मजुरी देतो? हे खरं आहे. तीन एकरवाला आणि तात्या पाटील यांना एकाच ओळीत उभं करणाऱ्या लेखांचा मला कंटाळा येतो. पण ऊस हे असं पीक आहे की जिथे ही सबब सगळ्यात कमी चालते. उसाच्या भावाला कायद्याची फरशी आहे: एफआरपी. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर व्याज. ते थकले की आंदोलनं होतात, रस्ते अडतात, गाड्यांची हवा सोडली जाते. व्हायलाच हवं, शेतकऱ्यानं आपली फरशी भांडून मिळवली आहे. पण त्याच उसाच्या, त्याच कांड्याच्या तोडणीखाली दुसरी फरशी नाही, याबद्दल रस्ता अडत नाही. एकाच मोळीत एक हक्क बांधलेला आहे आणि एक नाही.

गावाकडे दर दोन माणसांमागे एक तुम्हाला सांगेल, “माणसं मिळत नाहीत हो आता.” हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसं मिळतात. पुण्याच्या बांधकामावर मिळतात, चाकणच्या शेडमध्ये कंत्राटावर मिळतात. या दरात, या बोलण्यात, या ठिकाणी मिळत नाहीत. आर्ची आणि परश्या जीव वाचवायला पळाले. पण जेऊरच्या फलाटावर बॅग घेऊन उभ्या असलेल्या पोरांपैकी बहुतेकांच्या मागे तलवारी नसतात. त्यांच्या मागे एक दर असतो. तो दर न देणारेच मग परप्रांतातून टोळ्या आणतात, हार्वेस्टरची चौकशी करतात आणि रोजगार हमीनं लोक आळशी झाले म्हणतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. एवढ्यावर माणूस आळशी होत असेल तर कमाल आहे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात बराच काळ असं होतं की किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीनं ते ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली बर्गर-फ्राइजची दुकानं शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुकानांशी ताडून पाहिली. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. असं का होतं याचं एक उत्तर असं दिलं जातं: जिथे काम देणारे मोजकेच असतात, तिथे मजुरी मुळातच असायला हवी त्यापेक्षा खाली दाबलेली असते. वाढवली तर फक्त दाब कमी होतो.

आता तात्या पाटलाकडे बघा. जमीन त्याची, राजकारण त्याचं, त्याचा पोरगा कॉलेजात सरांच्या कानाखाली मारतो आणि कुणी काही करत नाही. प्रिन्सची ती थप्पड हा चित्रपटातला सत्तेचा धडा म्हणून सगळ्यांना आठवतो. मला तो मजुरीचा धडा वाटतो. पगारदार, सुशिक्षित प्राध्यापकाची ही गत असेल, तर त्या रानात रोजानं जाणाऱ्या बाईनं “वहिनी, सरकारी दर अमुक आहे” असं म्हणायचं कसं? गावात काम देणारा, उसने पैसे देणारा, दाखल्यावर सही मिळवून देणारा आणि पोलिसांत शब्द टाकणारा एकच असतो. ‘काम देणारे मोजके’ याचा करमाळा तालुक्यातला अर्थ हा. मंजुळेंनी तो अर्थ उभा केलाय, फक्त त्याच्या रानातल्या बाईला कॅमेऱ्यात घेतलं नाही.

आणि म्हणून हैदराबाद.

तिथे दोघं झोपडपट्टीत येतात. सुमनअक्का (छाया कदम) त्यांना खोली देते, परश्या तिच्या डोशाच्या गाडीवर काम करतो, आर्चीला बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम मिळतं. बंगल्यात वाढलेली मुलगी दुर्गंधीत झोपू शकत नाही, रडते, चिडते. मग ती कामावर जाऊ लागते, सोबतच्या बाईकडून तेलुगू शिकते. काम सुरू होतं, संपतं, ती घरी येते. ‘फँड्री’तल्या हाकेच्या अगदी उलट. कारखान्यात तिला कुणाची मुलगी म्हणून ओळखत नाहीत. बेल्टवरच्या बाटल्यांना आडनाव कळत नाही. दोघांच्या नात्यातली पहिली मोठी दरीही त्यानंतरच पडते: परश्याचा संशय, मारहाण, तिचं निघून जाणं आणि परत येणं. तिच्याकडे स्वतःची कमाई आहे, म्हणून तिचं परत येणं म्हणजे शरणागती होत नाही. हे मी चित्रपटात घुसवत नाहीये. पहिल्या भागात तिचा रुबाब बापाच्या बुलेटचा होता. दुसऱ्या भागात तिच्याकडे रुबाब नाही, पण जे आहे ते तिचं आहे.

तरी इथेही थोडं थांबायला हवं. सुमनअक्का या पात्रावर आपण सगळे भाळतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्यानं जीव वाचवला, त्याच्याकडे पगार कसा मागायचा? ‘अक्का’ म्हटल्यावर तास मोजता येत नाहीत. आपल्याकडे अर्धी मजुरी नात्याच्या शब्दांत विरघळते. “घरच्यासारखा आहेस तू” हे वाक्य ऐकलं की समजावं, ओव्हरटाइम मिळणार नाही. किराणा दुकानात, मोबाइलच्या दुकानात, झेरॉक्स सेंटरात, क्लासच्या ऑफिसात बसणारी आपल्या वयाची पोरं हे रोज ऐकतात. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी किमान वेतन ठरलेलं आहे. राज्याची तीन परिमंडळं आहेत, महापालिका पहिल्यात, जेऊरसारखी गावं तिसऱ्यात. महागाईप्रमाणे विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. किती जणांना आपलं परिमंडळ माहीत असतं? आणि माहीत असून काय? जुन्या कायद्यातलं कलम २५ सांगायचं की कमी पगारावर राजीखुशीनं सही केलीत तरी ती सही फोल आहे. तुमचा हक्क तुम्ही स्वतःसुद्धा सोडू शकत नाही. मला हे कलम कुठल्याही प्रेमकथेपेक्षा सुंदर वाटतं. पण त्याच कायद्यात शिक्षा काय होती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड.

पाचशे रुपये. समजा एखाद्यानं दहा माणसांना रोज शंभर रुपये कमी दिले, वर्षाला तीनशे दिवस. तीन लाख वाचले. पकडला गेलाच तर पाचशे. या हिशेबात प्रामाणिक राहणारा दुकानदार वेडा ठरतो, आणि हा कमी पगाराचा सर्वात कमी बोलला जाणारा परिणाम आहे. जो नियमाप्रमाणे पगार देतो, त्याला शेजारचा कमी देणारा बाजारातून उठवतो. मजुराइतकाच तोटा नीट वागणाऱ्या मालकाचा होतो. २०१९च्या वेतन संहितेनं पहिल्या गुन्ह्याला ५० हजारांपर्यंत दंड केला, दावा करायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर नेली, ही चांगली गोष्ट. त्याच संहितेनं निरीक्षकाला मालकाचा सल्लागारही करून टाकलं, ही विनोदी गोष्ट.

आणि ते तीन लाख कुठे जातात, हेही बघावं. दहा मजुरांच्या हातात ते पडले असते तर त्यांचं तेल, डाळ, वह्या, चपला, मोबाइलचा रिचार्ज झाला असता, बहुतेक सगळं स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. एका मालकाच्या हातात ते पडले की त्यांची पुण्यात फ्लॅटची बुकिंग रक्कम होते, नाहीतर निवडणुकीत वाटली जाते. गावातला किराणावाला धंदा मंदा आहे म्हणून कुरकुरतो, आणि हाताखालच्या पोराला कमी पगार देतो. त्या पोराची आई दुसऱ्या किराणावाल्याकडे उधारीवर माल घेते. हे वर्तुळ काढायला अर्थशास्त्रात पदवी लागत नाही.

मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) एक उपकथानक आहे, ज्याला पुष्कळांनी ‘लांबलेलं’ म्हटलं. रिंकू राजगुरूनं केलेली मोनिका आणि तिचे वडील पासपोर्टसाठी ओळखीचा कागद शोधत कचेऱ्या हिंडतात. ती कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, कागदाला माहीत नाही. किमान वेतनाचा लढा नेमका इथेच हरतो. पगार कमी मिळाला हे सिद्ध करायला आधी काम केलं हे सिद्ध करावं लागतं. हजेरीपुस्तकात नाव नाही. पगारपत्रक नाही. कोयत्याच्या उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत, आणि वही मुकादमाच्या घरात. काही ठिकाणी तर उलटा प्रकार: सही पूर्ण रकमेवर, खात्यात पूर्ण पगार जमा, आणि संध्याकाळी त्यातले काही हजार रोख परत. कागद चोख. मोनिकाला कागद नाही म्हणून ती अडते, याला कागद आहे म्हणून हा अडतो. तो ‘लांबलेला’ भाग मला म्हणूनच लांबलेला वाटत नाही. कचेरीत तेवढाच वेळ लागतो.

मंजुळेंच्या चित्रपटांना एकत्र ठेवलं तर मजुरीची एक सलग गोष्ट मिळते, जी त्यांनी कदाचित ठरवून सांगितलेली नाही. ‘फँड्री’त हाक आहे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. जब्या नवी जीन्स घ्यायला म्हणून आइसकांड्या विकतो, आणि सायकल गाडीखाली चेपते: गावाबाहेर कमवायचा त्याचा एक प्रयत्नही असा संपतो. ‘सैराट’च्या दुसऱ्या भागात पगार आहे, आणि त्या पगारातून घर, स्कूटर, मूल, फ्लॅटची स्वप्नं. ‘झुंड’मध्ये कागद. यात मधलं एक पान नाही. ज्या रानातून तात्याची सत्ता उगवते, त्या रानात काम करणारी बाई. ती कचरूच्या घरातली असू शकते, परश्याच्या आईच्या ओळखीची असू शकते. आर्ची ट्रॅक्टरवरून जाते तेव्हा बांधावर ती असणारच. वडार समाजात, दगड फोडणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या दिग्दर्शकाला ती दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही. माझा अंदाज असा की प्रेमाला जागा हवी होती म्हणून त्यांनी रान रिकामं केलं. सिनेमा म्हणून तो निर्णय यशस्वी झाला, मराठीतली सगळ्यात मोठी कमाई त्यानं केली. पण रान रिकामं केल्यामुळे एक गोष्ट धूसर राहिली: आर्चीला मारायला येणारी माणसं इज्जतीसाठी येतात, हे कळतं, ती इज्जत कशावर उभी आहे, हे कळत नाही. परश्या जावई झाला तर फक्त रक्त ‘बाटणार’ नव्हतं. ज्याला हाक मारायची, तो उद्या हिशेब मागणार होता.

शेवटच्या दृश्यात प्रिन्स आणि सोबतचे लोक आईनं पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची त्यांना घरात घेते, चहा होतो. मी तो प्रसंग बघताना प्रत्येक वेळी भिंती आणि भांडी बघतो. कपबशा, टाकी, पडदे. त्या घरात वारशानं आलेली एकही वस्तू नाही. सगळं डोशाच्या गाडीवरून आणि बाटल्यांच्या बेल्टवरून आलेलं आहे, महिन्याला थोडं थोडं. आणि दारात ठेवलेल्या त्या पिशव्यांमधल्या साड्या, दागिने जेऊरकडच्या रानातून आलेत, जिथे २०२४च्या वाढीनंतर कोयत्याला टनामागे ३६६ रुपये ठरले आणि उचल अजून फिटायची आहे.